डायलिसिसच्या हॉलमध्ये ई-रीडर: विज्ञानकथा आणि फँटसी, काही महिन्यांच्या वापरानंतर

संक्रांतीच्या सुमारास ई-रीडर घेतला, आता गल्लीत गणपतीच्या वर्गण्या सुरू झाल्यात. म्हणजे वापराबद्दल बोलायला हरकत नाही. सहा इंची, काळा-पांढरा, सगळ्यात साधं मॉडेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते यंत्रापेक्षा त्यावर काय वाचलं आणि कुठे बसून वाचलं याबद्दल जास्त आहे. अनबॉक्सिंगचे व्हिडिओ हवे असतील तर ढिगाने मिळतील.

जागा आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. आम्ही नाशिकचे. जेल रोडवरून रिक्षा, द्वारका चौकात अडकणं, मग मुंबई नाक्याच्या बाजूचं हॉस्पिटल. मशीनवर चार तास, पण त्याआधी वजन, बीपी, आधीच्या पेशंटचं मशीन मोकळं होण्याची वाट. नातेवाइकांनी बाहेरच्या हॉलमध्ये बसायचं. स्टीलच्या जोडखुर्च्या, शाल लागेल इतका एसी आणि टीव्हीवर एक मालिका, जिच्यात एकच लग्न कधीपासून मोडतंय आणि मोडून संपत नाही. फोन उघडला की ऑफिसचा ग्रुप, मेडिक्लेमचे मेसेज, आणि मग नकळत किडनीच्या रिपोर्टमधल्या क्रिएटिनिनबद्दल गुगल. त्या भोकात शिरलं की दिवस गेलाच.

ई-रीडरचा सगळ्यात मोठा गुण हा की त्यावर दुसरं काहीच धड करता येत नाही. ब्राउझर आहे म्हणतात, पण तो इतका रडत चालतो की पुन्हा उघडावासा वाटत नाही. पडदा ई-इंकचा: आत शाईचे काळे-पांढरे कण असतात, पान उलटताना ते जागा बदलतात आणि मग तसेच राहतात. वीज खर्च होते ती मुख्यतः पान बदलताना आणि कडेचा दिवा लावला तर. त्यामुळे चार्जर कुठे ठेवलाय हे मी विसरलेली असते. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली दिवा लागतही नाही. मी सावानाची, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकची, सभासद आहे. 1840 पासूनचं वाचनालय आमच्या गावात असताना हे यंत्र कशाला, असं भावाने विचारलंच. पण एका हातात रिपोर्टची फाइल, मांडीवर अण्णांची पिशवी, अशा अवस्थेत आठशे पानांचा ठोकळा धरून दाखवावा त्याने.

एक त्रास मात्र याच जागेचा. दर थोड्या वेळाने सॅनिटायझर लावावं लागतं, आणि ओल्या बोटाने पडदा वेड्यासारखा वागतो. एकदा टेक्निशियनने हाक मारली म्हणून घाईत बोट लागलं आणि मी थेट शेवटच्या प्रकरणात. खलनायकाचं काय होतं ते कळलं.

आता वाचायचं काय. घरचा उंबरा विसरायचा असेल तर लघुकथा कामाच्या नाहीत. चांगल्या असतात, पण वीस मिनिटांत संपतात आणि आपण पुन्हा त्याच खुर्चीवर. प्रत्येक कथेला नवं जग, नवे नियम, आणि दरवेळी आत शिरायची मेहनत. मोठी मालिका बरी पडते. पहिली पन्नास-साठ पानं नावं, घराणी, ग्रह यांत गोंधळायला होतं, पण एकदा ते जमलं की पुढे प्रत्येक वेळी दार उघडंच असतं. साथीच्या रोगांवरच्या कादंबऱ्या मी हॉस्पिटलमध्ये उघडत नाही. जग बेचिराख झालेलंही नको. मला लागतं ते नीट हिशेबाचं जग, जिथे जादूलासुद्धा किंमत मोजावी लागते. अर्सुला ले ग्विनच्या अर्थसीमध्ये ते सापडलं. तिथला जादूगार वारा वाटेल तसा वळवत नाही, कारण एका ठिकाणी ढवळलं की दुसरीकडे तोल जातो. 1968 चं पुस्तक आहे, आणि पातळ आहे हा त्याचा एकच दोष.

पण खरी मजा आली ती फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ला, आणि ती अण्णांमुळे. शेवटच्या तासात सिस्टर मला आत बसू देतात. अण्णांचा फिस्टुलाचा, म्हणजे मशीनच्या सुया टोचलेला, हात हलवायचा नसतो, चष्मा काढलेला, तिसऱ्या तासानंतर बीपी उतरलं की ते गप्प होतात. बोलतं ठेवायचं म्हणून मी एकदा गोष्ट सांगायला घेतली. वाळवंटाचा ग्रह, पाण्याचा थेंब मिळत नाही. तिथले लोक अंगाला घट्ट बसणारे सूट घालतात, त्यात घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं गाळून पुन्हा प्यायचं पाणी होतं.

अण्णांना दिवसाला लिटरभर पाण्याची मर्यादा आहे. औषधं, चहा, वरण सगळं त्यात धरून. त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, “अगं, मग हे मशीन तरी दुसरं काय करतंय? फक्त मला परत प्यायला देत नाहीत.”

त्या दिवसापासून ती गोष्ट त्यांची झाली. टोळीचा नायक सरदारासमोर टेबलावर थुंकतो, आणि तो अपमान नसून मान असतो, कारण त्याने अंगातलं पाणी दिलेलं असतं. हे सांगितल्यावर ते मशीनवर असूनही खो-खो हसले. त्यांची सगळी नोकरी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधली. “आमच्या जिन्यातल्या तंबाखूवाल्यांना हे माहीत असतं तर प्रत्येकाने सत्कारच मागितला असता.” या टोळीत मेलेल्या माणसाच्या शरीरातलं पाणीसुद्धा काढून घेतात, तो भाग मी गाळला होता. त्यांनीच दोन-तीन वेळांनी विचारलं, “एवढं जपतात, तर माणूस गेल्यावर त्या पाण्याचं काय करतात?” सांगावं लागलं. टोळीच्या साठ्यात जमा करतात म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “हिशेबी लोक आहेत. आमच्याकडे पण एकेक कागद मोजून आत आणि मोजून बाहेर.” मग पुढचं सांग म्हणाले.

मावशी म्हणते, घरात एवढं चालू असताना तुला हे परग्रहाचं सुचतं कसं. तिला मी उत्तर देत नाही. पण जी माणसं हॉलमध्ये टीव्हीकडे नजर लावून बसतात त्यांना कोणी असं विचारत नाही, हे नोंदवून ठेवते. माझ्यापुरतं सांगायचं तर वाचून उठल्यावर मी सिस्टरना ड्राय वेटबद्दल, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनाबद्दल, नीट प्रश्न विचारू शकते. गुगल करून उठल्यावर आवाज चिरका होतो.

मराठीचा अनुभव मात्र मिश्र. पाश्चात्त्य पुस्तकं एका क्लिकवर येतात, मराठी शोधावी लागतात. बरीच ई-पुस्तकं फक्त फोनच्या ॲपमध्ये उघडतात, म्हणजे पुन्हा तोच फोन. जी मिळतात त्यांतली काही जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमधून बदलून घेतलेली असावीत, कारण ‘ऱ्या’ फुटलेला आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले असतात. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून वाढलेल्या माणसाला हे फार टोचतं. स्कॅन केलेली पीडीएफ तर या पडद्यावर उघडूच नका. मुंग्यांची रांग दिसते.

याची चुटपुट जास्त लागते कारण हा वाङ्मयप्रकार आपल्याला परका नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकलाच साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. नारायण धारप तर अण्णांच्या पिढीने दिवे मालवून वाचलेत. ही पुस्तकं मी कागदावरच आणते, आणि अण्णा ती घरी भिंग लावून वाचतात.

बाकी किरकोळ. फँटसीच्या सुरुवातीचे नकाशे सहा इंचांत वाचता येत नाहीत. मोठे केले तर पडदा लुकलुकत रेंगाळतो. मी नकाशाचा फोटो छापून फाइलमध्ये रिपोर्टच्या मागे ठेवलाय, डॉक्टरांनी एकदा तो उलटा धरून पाहिला. शब्दावर बोट ठेवलं की इंग्रजी अर्थ लगेच मिळतो, हे उत्तम, पण लेखकाने घडवलेल्या शब्दांना अर्थात काही मिळत नाही. पानांऐवजी टक्के दिसतात, त्याची सवय व्हायला वेळ लागला. आता अण्णाच विचारतात, “किती टक्के झालं?”

घ्यायचा असेल तर कव्हर घ्याच, स्टीलच्या खुर्चीवरून घसरतो. आकाराने मोठं मॉडेल परवडत असेल तर नकाशांसाठी तेच घ्या. आणि दिवाळी अंकांसाठी यावर विसंबू नका. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ आम्ही छापीलच घेणार आहोत, अण्णांनी आतापासूनच पैसे काढून दिलेत आणि सुटे परत आण म्हणून बजावलंय.