कॉलेजात असताना केलेली स्लीव्ह सर्जरी : वर्ष उलटल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत वाचत बसायला नको. वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या या शस्त्रक्रियेने काम केलं. सुरुवातीच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग गेला, पाळी नियमित झाली, जिना चढताना धाप लागत नाही. तरीही कोणी विसाव्या वर्षी ‘मी पण करू का?’ असं विचारलं की मी लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, तुझं टाइमटेबल कोणाच्या हातात आहे? सर्जनचं काम तास-दीड तासात उरकतं. बाकीचं सगळं लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन आणि जागरणं यांच्या फटींत आपल्यालाच बसवायचं असतं. पन्नाशीत केलेल्या माणसाला ते पुढची तीसेक वर्षं करायचंय, आपल्याला साठ.

माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) चाळिशी ओलांडून गेला होता, पीसीओएस (पाळी बिघडवणारा बीजांडकोशाचा विकार) होतं, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने घातलेली अट बरीच वर्षं बऱ्याच ठिकाणी चालायची : बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत एखादा आजार. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी ती सैल केली. आता ३५ ला आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवता येते, टाइप २ मधुमेह असेल तर ३० ला, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासून. मी जुन्या अटीतही बसत होते, त्यामुळे डॉक्टरांना पटवावं लागलं नाही. पटवावं लागलं घरच्यांना. ‘एवढ्या लहान वयात पोट कापून घ्यायचं? जरा चालायला जा की!’ जणू मी दहावीपासून दुसरं काही करतच नव्हते.

त्यांच्यासमोर मी टीन-लॅब्स या अमेरिकन अभ्यासाचा २०१६ चा अहवाल ठेवला. २४२ किशोरवयीन मुलामुलींची शस्त्रक्रिया झाली होती. तीन वर्षांनी सरासरी २७ टक्के वजन कमी झालेलं होतं आणि ज्यांना टाइप २ मधुमेह होता त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता. आई यावर खूश. त्याच अहवालात पुढे लिहिलंय की ५७ टक्के मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा कमी पडला आणि १३ टक्क्यांना पोटाची आणखी एक तरी प्रक्रिया करावी लागली. बाबांनी नेमके हेच दोन आकडे लिहून घेतले आणि सर्जनला पहिला प्रश्न त्यावरच विचारला. बाबांचं बरोबर होतं. वजन किती उतरतं हे सगळे सांगतात, लोहाबद्दल आपणच विचारावं लागतं.

वजन उतरवायला आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांचाही विचार झाला. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे इंजेक्शन दीर्घकाळ घ्यावं लागणार, आणि माझ्या सुरुवातीच्या वजनाला पंधरा टक्के पुरणारे नव्हते. हे माझं गणित झालं. ज्याचं वजन माझ्याइतकं नाही त्याने आधी इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांशी नीट बोलावं असंच मी सांगते.

स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरचा फुगीर भाग कापून काढतात. साधारण ७५ ते ८० टक्के जठर जातं आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. आतडी जागच्या जागी राहतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे जीवनसत्त्वं शोषली जाण्यात जास्त अडचण येते आणि गोड खाल्लं की काहींना डम्पिंग होतं : घाम, धडधड, पोटात कळा. मी स्लीव्ह निवडली. तिची वाईट बाजू अशी की कापलेला भाग परत जोडता येत नाही. दुसरी वाईट बाजू आम्लपित्ताची, तिच्याकडे नंतर येते.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अगदी कमी कॅलरीचा, जवळजवळ द्रव आहार. तो वजन कमी करायला नसतो. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो, त्यातली चरबी उतरून तो लहान झाला की सर्जनला दुर्बिणीतून नीट दिसतं. माझ्या मते हे दोन आठवडे नंतरच्या महिन्यांपेक्षा अवघड, कारण तेव्हा जुनी भूक पूर्ण शाबूत असते.

हॉस्पिटलबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं. त्याच संध्याकाळी हाताला धरून चालवलं, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. त्यासाठी इंजेक्शनंही होती. मला सगळ्यात जास्त काय दुखलं असेल तर खांदा! पोट फुगवायला जो कार्बन डायऑक्साइड भरतात तो थोडा उरला की श्वासपटलाला टोचतो आणि कळ खांद्यात जाते. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. भूक. जठराचा जो वरचा भाग कापला जातो तिथेच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक सर्वाधिक तयार होतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. ते एकदम उतरलं की काय होतं हे वाचून कळत नाही. माझ्या डोक्यात लहानपणापासून एक आवाज सतत चालू असायचा : पुढचं खाणं कधी, त्यात काय, कमी तर पडणार नाही ना, कोणी बघतंय का. तो बंद झाला. पहिल्यांदा सलग दोन लेक्चर ऐकली आणि लक्षात आलं की मी खाण्याचा विचारच केला नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच डोक्यात हे चालू असतं आणि त्यांची इच्छाशक्ती माझ्यापेक्षा दांडगी आहे. तसं नव्हतं. त्यांच्याकडे तो आवाजच बारीक होता. इच्छाशक्तीवरून मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

पण भूक जाते म्हणजे खावंसं वाटणं जातं असं नाही. पेपरच्या आदल्या रात्री, भांडण झाल्यावर, नुसता कंटाळा आला म्हणूनही हात जुन्या जागी जातो. पोट छोटं आहे, मन तेवढंच आहे. आणि साधारण वर्षानंतर खरी भूकही थोडी थोडी परत येते. तोवर सवयी बसल्या पाहिजेत, असं आमच्या आहारतज्ज्ञ बाई दर भेटीत बजावतात.

कॉलेजात हे कसं निभतं, ते सांगते. नियम साधे आहेत. छोटा घास, भरपूर चावणं, जेवणाला वीस-तीस मिनिटं. जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन आणि दीड लिटर तरी पाणी, तेही घोट घोट, कारण गटागटा पिता येतच नाही. आता दोन लेक्चरच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी असताना हे बसवून दाखवा. खाल्लं तर पिता येत नाही, प्यायलं तर खायला वेळ उरत नाही. लॅबमध्ये बाटली न्यायची नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास. पहिल्या सत्रात माझी लघवी सतत गडद असायची आणि दुपारनंतर डोकं धरायचं. शेवटी विभागप्रमुखांना डॉक्टरांचं पत्र दिलं : वर्गात पाणी पिऊ द्यावं, मधेच बाहेर जाऊ द्यावं. पाच मिनिटांत सही झाली. हे पत्र डिस्चार्जच्या कागदांबरोबरच मागून घ्या.

घाईत खाल्लं की घास अडकतो. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ सुटते आणि तो घास परत बाहेर येईपर्यंत सुटका नाही. कोरडं चिकन आणि मऊ ब्रेड हे माझे दोन शत्रू. ब्रेडचं आश्चर्य वाटेल, पण तो ओला होऊन गोळा होतो. मैत्रिणींच्या घोळक्यात हे एकदा झालं की पुढे आपण आपोआप हळू खायला लागतो, तिथे आहारतज्ज्ञांची गरज पडत नाही.

गोळ्यांचं प्रकरण कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम सायट्रेट. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन तासांचं अंतर. कॅल्शियम एका वेळी पाचशे-सहाशे मिलिग्रॅमच्या वर उपयोगाचं नाही, म्हणून त्याचेही हप्ते. म्हणजे दिवसभर फोनवर गजर. पाळी येणाऱ्या मुलींना लोह जास्त लागतं, आणि माझं फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, सहा महिन्यांच्या तपासणीत घसरलेलंच निघालं. थकवा मी सबमिशनच्या खात्यावर मांडत होते. या वयात थकव्याला कारणं हजार असतात, त्यामुळे रक्ततपासणीची तारीख चुकवायची नाही. आणि सारखी उलटी होत असेल तर ‘बघू उद्या’ म्हणू नका. थायमिन म्हणजे बी-१ काही आठवड्यांतच संपतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो.

केस गळतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ मूठ. परत येतात. पुढे जाऊ.

पार्ट्या. मी आधीही फार पीत नव्हते, तरी हे लिहिते, कारण हॉस्पिटलच्या पत्रकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. जठर बदललं की दारू रक्तात लवकर चढते. बायपासबद्दल हे पक्कं आहे, आणि स्लीव्हवाल्यांनाही सर्जन हाच इशारा देतात. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, २०१२ साली, असं दिसलं की दारूचा त्रास शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात वाढतो, आणि वय कमी असणं हीही एक जोखीम आहे. म्हणजे आपणच. एका ग्लासावर गाडी चालवण्याचा विचारही नको. दुखण्यावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही सर्जनला विचारल्याशिवाय नको, अल्सर होतो. मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घेण्याआधी तिचं नाव वाचा.

मुलींसाठी आणखी एक, आणि हे आईसमोर बोलणं अवघड जातं म्हणून मुद्दाम. वजन उतरलं की पीसीओएसमध्ये बंद पडलेलं बीजांड सुटणं पुन्हा सुरू होऊ शकतं. ‘मला तसंही दिवस जाणार नाहीत’ हा जुना हिशेब तेव्हा चालत नाही. पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळा असं सगळे सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा कमी. डॉक्टरांना एकटीने भेटायची वेळ मागा, देतात.

लोकांचं वागणं हा भाग मला सर्वांत जड गेला. वर्गातल्या त्या खुर्च्या आठवा, हाताला लिहायची फळी जोडलेली. मी दोन वर्षं मागे उभी राहून नोट्स घेतल्या, कारण ती फळी माझ्या पोटावर आडवी बसायची नाही. कोणी कधी विचारलं नाही. आता मी बसते, आणि तीच मुलं ग्रुप प्रोजेक्टला हाक मारतात, दार धरून ठेवतात. मला हे गोड वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हणजे तेव्हा मी दिसत होते तर! शस्त्रक्रियेनंतर काही लोकांमध्ये नैराश्य आणि स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलंय, म्हणून मी वजन भराभर उतरत असतानाच समुपदेशकाकडे जायला लागले. तिथे तासाच्या तास खुर्चीबद्दलच बोलले. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते. ती व्यायामाने आत जात नाही. तिचं काय करायचं ते वजन स्थिरावल्यावर ठरवेन.

सांगायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी रूममेटला आणि दोन मैत्रिणींना सांगितलं, बाकीच्यांना ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच. खोटं नाही ते. रूममेटला सांगणं मात्र आवश्यक, रात्री काही झालं तर तिनेच फोन करायचा असतो.

वेळेबद्दल : लांब सुट्टीच्या अगदी सुरुवातीला करा. पातळ, मग वाटून केलेलं, मग मऊ, मग नेहमीचं, हे टप्पे पार व्हायला दीड-दोन महिने जातात आणि त्यातला मोठा भाग घरी गेलेला बरा. अंतिम वर्षाची परीक्षा तोंडावर असताना करू नका. स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात असलेल्या हॉस्टेलमध्ये राहत असाल तर खोलीत छोटा फ्रिज ठेवायची परवानगी आधी काढा. ती नसेल तर वर्षभर थांबा, जठर कुठे पळून जात नाही.

आणि आम्लपित्त. स्लीव्हनंतर ते नव्याने सुरू होऊ शकतं हे मला माहीत होतं, सही करताना वाचलंही होतं. आता रात्री उशी उंच करून झोपते, सकाळी उपाशीपोटी गोळी, झोपायच्या तीन तास आधी खाणं बंद. फारच वाढलं तर पुढे स्लीव्हचं बायपास करतात. त्या वाटेला लागायची माझी तूर्त तयारी नाही. पुढच्या महिन्यात एंडोस्कोपी आहे, अन्ननलिकेला सूज आहे का ते तेव्हा दिसेल. अहवाल आला की इथेच खाली लिहीन.