योगासाठी सोलापुरी चादर: बसायला, झोपायला एक नंबर, उभ्या आसनांना नको

योगा सुरू करायचा म्हटलं की लोक आधी ऑनलाइन मॅट मागवतात, आणि चादर तर आपल्या सोलापुरात घरोघरी आहे, म्हणून हा रिव्ह्यू टाकतेय. माझी चादर नवी पेठेत घेतलेली साधी सिंगल, कॉटनची, जेकॉर्ड म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेली, मयूरपंखी डिझाईनची.

सगळ्यात भारी काम देते ती बसताना. नुसत्या फरशीवर मांडी घातली की माझी कंबर मागं पडते, पाठीला पोक येतं आणि गुडघे वरच राहतात. चादरीची चांगली जाड घडी करून ती फक्त बुडाखाली घ्यायची, पाय फरशीवरच, मग कंबर पुढं कलते, कणा सरळ होतो, गुडघे खाली येतात आणि छाती मोकळी झाल्यामुळं श्वास खोलवर जातो. अनुलोम-विलोम करताना लक्ष सारखं दुखऱ्या पाठीकडं जात नाही, हा खरा फायदा. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी घडीची ब्लँकेटं, पट्टे, लाकडी विटा घेऊन आसनं शिकवायची पद्धत रुजवली, पुण्यातली त्यांची इन्स्टिट्यूट 1975 ची, त्यामुळं याला कुणी जुगाड म्हणू नका.

शेजारच्या मावशी विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली, त्यामुळं मान आणि कंबर कायम धरलेली. त्यांना अशी घडी करून दिली, थोडं मार्जारासन (ओणवं होऊन पाठ वर-खाली करायची), थोडं भुजंगासन (पालथं झोपून छाती वर उचलायची), तेही झेपेल तेवढंच, आणि शेवटी शांत बसून भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा. परवा आपणहून म्हणाल्या, "अगं, रात्री कूस बदलताना कळ येत नाही बघ आता." इतकं बरं वाटलं ऐकून! महागाची मॅट आणा म्हटलं असतं तर त्या आल्याच नसत्या.

शवासनाला तर मला दुसरं काही चालतच नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा 43 च्या वर जातो, तेव्हा रबरी मॅट घामानं पाठीला चिकटते, कॉटन घाम शोषून घेतं. एक चादर अंगाखाली, दुसरीची पातळ घडी मान-डोक्याखाली. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, त्यानं हृदयाचे ठोके जरा मंदावतात, जबडा सैल पडतो, आणि ऑफिसातून डोक्यात घेऊन आलेली कटकट हळूहळू निवते. मी हे संध्याकाळी करते, झोप छान लागते.

आता तोटा. गुळगुळीत टाइल्सवर चादर सरकते, आणि तेही भलत्या वेळी. त्रिकोणासन, वीरभद्रासन, अधोमुख श्वानासन अशी पाय रोवून करायची आसनं चादरीवर अजिबात करू नका, पाय घसरला तर मांडीची शीर ताणली जाईल. एवढ्यापुरती ती बाजूला ठेवायची आणि कोरड्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं, नाहीतर पातळ मॅट घ्यायची. शिवाय ओली झाली की जड होते, बादलीतून पिळून काढायला दोघं लागतात. वाळते मात्र पटकन, ऊन काय आपल्याकडं भरपूर.

घेताना घडी उघडून हात फिरवून बघा, वीण घट्ट पाहिजे, आणि प्युअर कॉटनच मागा, मिक्स धाग्याची चादर जास्त सरकते आणि घामही नीट शोषत नाही. घरात जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली असेल तर नवी घेऊच नका, तीच काढा.