शेजारी कोणतं केंद्र चालेल: कोळशाचं की अणूचं?

तालुक्यात वीज केंद्र येणार म्हटलं की गावात दोन तट पडतात. मी दोन्हींच्या शेजाराला राहिलोय. ११ वर्षं विदर्भातल्या एका कोळशाच्या औष्णिक केंद्राजवळ, आणि गेली ९ वर्षं तारापूरच्या अणुकेंद्राजवळ, चिंचणीत. काम व्हॉल्व्ह-पंपांच्या देखभालीचं. कायमचं घर कुठे करायचं हे आम्ही नवरा-बायकोने विचार करून ठरवलं, म्हणून लिहितोय.

कोळशाची बाजू पक्की आहे. केंद्र लवकर उभं राहतं, मागणीप्रमाणे वीज बनवणारा संच कमी-जास्त चालवता येतो. देशातली ७० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच, अणूची जेमतेम ३ टक्के. रत्नागिरीतल्या जैतापूर अणुप्रकल्पाची चर्चा इतकी वर्षं चाललीये, वीज अजून नाही. घाई असलेल्याने कोळसा निवडला तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पण राख! आपल्या कोळशात ३०-४० टक्के राखच असते. ५०० मेगावॉटचा एक संच दिवसाला ७-८ हजार टन कोळसा खातो, म्हणजे दोन अख्ख्या मालगाड्या. धुराड्यातली बहुतेक राख ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारं यंत्र, धरतं, पण पुढे ती साठवायची कुठे? पाण्याबरोबर राख सोडतात तो बंधारा उन्हाळ्यात सुकला की राख वाऱ्याबरोबर गावात येते.

चैत्रात बायको गच्चीवर कुरडया घालायची. पहाटे उठून चीक शिजवायचा, सोऱ्याने पाडायच्या. दुपारी बघावं तर सगळ्यांवर करडा थर. ओल्या चिकाला चिकटलेली राख झटकून जात नाही, आणि तळल्यावर दाताखाली कचकच येते. शेवटचे तीन उन्हाळे तिने वाळवण घरात, पंख्याखाली केलं. धाकट्याचा खोकला राखेचाच होता असं छातीठोक सांगता येणार नाही, पण इथे आल्यापासून त्याचा इनहेलर कपाटात पडून आहे.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या एका संचाला दिवसाला साधारण पाव टन युरेनियम पुरतं. इंधनाचं बंडल हातभर लांबीचं. वापरून झालं की मोजून पाण्याच्या हौदात जातं. तो कचरा हजारो वर्षं सांभाळायचाय, आणि १९८६चं चेर्नोबिल, २०११चं फुकुशिमा मी विसरलेलो नाही. शिवाय ३ आणि ४ क्रमांकाच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्या माणसांचा हिशेब माझ्या गच्चीवरून मांडता येत नाही.

तरी माझं मन अणूकडे झुकतं. इथे वलांडीवर बोंबील उघड्यावर वाळतात आणि स्वच्छ राहतात. बायकोच्या कुरडया परत गच्चीवर गेल्यात.

तुमच्याकडे जनसुनावणी लागली तर कोळसेवाल्यांना राखेच्या बंधाऱ्याची जागा नकाशावर दाखवायला लावा आणि वैशाखात वारा तिथून कुठे वाहतो ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. अणूवाल्यांकडून पुनर्वसनाचं आधी लेखी घ्या, घराच्या जागेसकट.