टिटवी: वेगवान हेर आठ महिने चालवल्यावर

जूनमध्ये बनवलेलं खेळातलं माझं पात्र, टिटवी, परवाच्या रविवारी आठव्या लेव्हलला पोचली. वेगवान स्काउट, म्हणजे पुढे जाऊन टेहळणी करणारं पात्र, बनवावा का, असं मला दोघातिघांनी विचारलंय, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहिते.

आधी डावाचं सांगते. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन फाशांवर मिळून गोष्ट खेळायची तो, पाचवी आवृत्ती, नियम २०१४चे. २०२४च्या सुधारित नियमांत बरंच बदललंय. मी घेतलेलं मोबाइल हे फीटसुद्धा (फीट म्हणजे पात्राची निवडून घ्यायची खास करामत) आता वेगळ्या नावाने आणि थोड्या वेगळ्या रूपात येतं, त्यामुळे खालचे आकडे तिकडे जसेच्या तसे नेऊ नका. १ जूनला मासेमारीबंदी लागली, आमच्यातल्या एकाचा ट्रॉलर किनाऱ्याला लागला. माझ्या मावसभावाच्या होमस्टेत पावसात कोणी फिरकत नाही. मी पतसंस्थेत, शनिवारी दुपारनंतर मोकळी. शाळेतले एक सर आणि कॉलेजला जाणारी माझी भाची धरून आम्ही चार खेळाडू, पाचवा मावसभाऊ, आमचा दादा, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निवाडा देणारा. तो पुण्याच्या नोकरीतून घरी परतताना हा खेळ बरोबर घेऊन आला.

टिटवीचा वंश वुड एल्फ, आणि क्लास, म्हणजे पेशा, रोग (इंग्रजीतला rogue, चोरपावलांचा). स्काउट हा रोगचाच पोटप्रकार. आमच्या मावशीने पहिल्याच दिवशी माजघरातून ऐकलं की मी रोग आहे, आणि "खंयचो रोग?" म्हणत बाहेर आली. तेव्हापासून घरात मी आजारीच आहे.

पात्राच्या सहा गुणांचे आकडे ठरलेल्या संचातूनच घेतले, १५, १४, १३, १२, १०, ८. डेक्स्टेरिटीला (चपळाई) १५ आणि वुड एल्फचे २, म्हणजे १७. विस्डमला १३ आणि १, म्हणजे १४. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४. स्ट्रेंथला उरलेला ८ टाकला, आणि तेव्हा मला वाटलं मी फार हुशारी केली. हेराला ताकद कशाला! या ८ने पुढे काय काय केलं ते सांगतेच.

वुड एल्फ घेतल्याचा मात्र एकदाही पश्चात्ताप झाला नाही. चाल इतरांच्या ३० फुटांऐवजी ३५. परसेप्शन, म्हणजे आजूबाजूचं टिपण्याचं कौशल्य, वंशातूनच मिळतं, त्यामुळे क्लासमधली एक जागा वाचते. आणि लाँगबो चालवता येतो, जो नुसत्या रोगला येत नाही. १५० फुटांपर्यंत बिनतक्रार बाण, आणि त्यावर स्नीक अटॅक, म्हणजे रोगचं जादा नुकसान, तेही लागतं. शिवाय धुकं, झाडोरा, जोराचा पाऊस असल्या नैसर्गिक आडोशात नुसतं अंधूक दिसत असलं तरी लपता येतं. आमच्या डीएमने कथेतला किनारा कोकणासारखाच घेतला, खाडी, कांदळवन, जांभ्याचा सडा आणि सतत पाऊस. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच कार्य! पण जोराच्या पावसात लांबचं दिसायला आणि ऐकायला मलाही अडचण होते, हे त्याने दुसऱ्याच बैठकीत दाखवून दिलं. बसल्या जागी, फासा न टाकता, मला आता १८ असणारं परसेप्शन पावसात १३ धरलं जातं. कोणाला मी दिसत नाही आणि मलाही कोणी दिसत नाही. पावसाळ्यात घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.

आता वेग. नकाशासाठी आम्ही वेगळं काही विकत घेतलं नाही. पडवीची लादी एक फुटाची आहे, तीच पाच फूट धरायची, आणि बुद्धिबळातली प्यादी माणसं. चौथ्या लेव्हलला मी मोबाइल घेतलं, चाल ४५ झाली, म्हणजे नऊ लाद्या. रोगला दुसऱ्या लेव्हलपासून बोनस ॲक्शनमध्येही, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीतही, पळता येतं. चाल, ॲक्शनची धाव, बोनसची धाव मिळून १३५ फूट, सत्तावीस लाद्या. पडवी अठरा लाद्यांची. पहिल्यांदा पूर्ण धाव घेतली तेव्हा माझं काळं प्यादं उंबरा ओलांडून माजघरात गेलं, मावशीच्या पाटापर्यंत. ती नारळ खवत होती. तिने विळीवरून नजर न हलवता पायाच्या बोटाने ते बाजूला सारलं. डीएमने ते ढकलणं वाऱ्याचा झोत म्हणून मान्य केलं आणि मला आणखी दोन लाद्या मिळाल्या.

हा आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण वेगाच्या हिशेबातल्या काही गोष्टी पुस्तक वाचताना ध्यानात येत नाहीत.

पहिली म्हणजे लांबच्या प्रवासात तुमच्या ३५ किंवा ४५ला काडीची किंमत नाही. प्रवासाचा वेग टोळीचा असतो, साधा तासाला ३ मैल, घाईचा ४, सावकाश २. छपून जायचं तर सावकाशच. घाईत गेलात तर बसल्या जागेचं परसेप्शन ५ने कमी. म्हणजे सगळ्यात वेगवान हेराला त्याचं खरं काम सगळ्यात मंद चालीनेच करावं लागतं.

दुसरी रिॲक्शनची, म्हणजे आपली पाळी नसताना करायच्या झटपट कृतीची, ओढाताण. स्काउट झालात की तिसऱ्या लेव्हलला स्कर्मिशर मिळतं. शत्रूने तुमच्या पाच फुटांत येऊन पाळी संपवली की निम्म्या चालीने सटकायचं, आणि त्यावर त्याला फुकटचा वार मिळत नाही. ३५चे निम्मे साडेसतरा, म्हणजे तीन लाद्या. ४५चे निम्मे साडेबावीस, म्हणजे चार. मोबाइल घेतल्याने ही एक लादी वाढली आणि तेवढ्यात माझं पुष्कळ भागलं. पण पाचव्या लेव्हलला अनकॅनी डॉज येतं, वाराचं नुकसान निम्मं करणारं, आणि तेही रिॲक्शनवरच. फेरीला रिॲक्शन एकच. दोनतीन बैठका मी दोन्हींच्या मधे लटकले. आता माझा ठोकताळा असा की समोर झॉम्बी असला तर सटकायचं, कारण त्याची चाल २० फूट, आणि मी चार लाद्या मागे सरून पुढच्या पाळीला बाण मारून आणखी नऊ लाद्या गेले की तो दिवसभर माझ्या मागे फिरेल. ओगर (दांडगा राक्षस) असला तर तो ४० फूट चालतो, सटकून उपयोग नाही, वार निम्मा करून घ्यायचा. स्कर्मिशर शत्रूची पाळी संपल्यावर चालतं, म्हणजे त्याचा फटका खाऊन झाल्यावर, हे लिहिलेलं असूनही मला खेळतानाच उमगलं.

मोबाइल फीटबद्दल थोडी तक्रार आहे. जवळून वार केलेल्या शत्रूकडून फुकटचा वार येत नाही हा त्याचा अर्धा जीव, आणि मी बहुतेक वेळा धनुष्य वापरते. म्हणजे अर्धे पैसे वाया. धाव घेताना अवघड जमिनीचा दुप्पट खर्च लागत नाही हा भाग मात्र आमच्या डावात सोन्याचा ठरला, कारण डीएमचा सगळा किनाराच चिखल. खाडीतल्या गुडघाभर रेंद्यातून बाकीचे निम्म्या चालीने ओढत येत आणि टिटवी वरून धावत जाई. तुमच्या डावात सगळं फरसबंदी भुयारातच घडत असेल तर चौथ्या लेव्हलला सरळ डेक्स्टेरिटी वाढवा.

आता लांडग्यांचं. जुलैचा शेवट, तिसरी लेव्हल, मी २४ हिट पॉइंटची (ते शून्य झाले की पात्र कोसळतं). टोळीला मागे ठेवून १८० फूट पुढे गेले होते. सड्यावर धुक्यात चार लांडगे दिसले. हेराने काय करावं? बघावं आणि परत यावं. दोन धावा घेतल्या असत्या तर एका फेरीत १०५ फूट मागे असते. मी बाण मारला. मग बोनस ॲक्शनमध्ये लपले. लांडग्याला वासावरून माग काढायला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा) असतो, हे मला माहीत नव्हतं. "खंय लपतंस गो?" दादा हसत म्हणाला आणि चारही प्यादी उचलून माझ्याभोवती मांडली.

पहिला चावा बसला. पडू नये म्हणून स्ट्रेंथवर ११ हवे होते, माझे तर त्या ८चे वजा १, म्हणजे फाशावर १२. आले ९. आडवी. स्कर्मिशर वापरलं, पण आडव्या माणसाला रांगावं लागतं, साडेसतरा फुटांतून सरकता आली एक लादी. आडव्यावर जवळून मारणाऱ्याला ॲडव्हान्टेज. चौथ्या लांडग्यापर्यंत हिट पॉइंट शून्य. तेवढ्यात लाइट गेली. आमचे क्लेरिक, टोळीला बरं करणारे, म्हणजे शाळेतले सर, त्यांचा बुटका ड्वार्फ २५ फूट चालणारा, आणि त्यांचा बरं करणारा मंत्र ६० फुटांवरून चालतो. म्हणजे त्यांना १२० फूट धावायला तीन फेऱ्या. फोनच्या उजेडात मी मरणाचे फासे टाकत होते. ७, चुकला. मग १४, जमला. तिसरा फासा बाकड्याखाली गेला, भाचीने पालथं पडून काढला, ४, चुकला. आणखी एक चुकला असता तर टिटवीचा बारावा-तेरावा झाला असता. लांडगे बाकीच्यांकडे वळले म्हणून, आणि सर धापा टाकत (खरंच, त्यांनी तोंडाने धापा टाकल्या) पोचले म्हणून वाचले. सर एवढंच म्हणाले, "तुम्ही पळायला शिकलात, यायला कधी शिकणार?"

त्यानंतर माझा नियम असा की क्लेरिकपासून त्याच्या एका धावेत आणि मंत्रात बसेल तेवढंच अंतर. सरांच्या बाबतीत ५० आणि ६०, मिळून ११० फूट. त्यापलीकडे जायचंच असेल तर धनुष्य पाठीलाच.

ट्रॉलरवाल्याची तक्रार वेगळी होती. मी एकटी पुढे गेले की बाकीचे तिघे भजी खात बसतात. खरंय. एकदा पाऊण तास मी एकटीच खेळत होते. आता दादा टेहळणी दोन फाशांत उरकतो, एक स्टेल्थचा, म्हणजे लपण्याचा, एक परसेप्शनचा, आणि मी काय पाहिलं ते मी बोलून सांगायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे.

भाचीच्या घुबडाने मात्र जीव खाल्ला. ती विझार्ड. तासाभराच्या विधीने तिने पिंगळा बोलावला, उडतो ६० फूट, नजर माझ्याहून तिखट, मेला तर १० सोन्याच्या नाण्यांत दुसरा. मी आठ महिने घडवलेलं काम पिसांचा गोळा करतो. पण तिला त्याच्या डोळ्यांनी बघता येतं ते १०० फुटांपर्यंतच. म्हणून वाटणी केली, शंभराच्या आत पिंगळा, बाहेर टिटवी. सप्टेंबरात गणपतीसाठी डाव बंद होता, त्या दोन आठवड्यांत आरतीच्या रांगेत उभ्यानेच हे ठरलं.

सगळ्यात मोठी फजिती नोव्हेंबरातली. कथेत समुद्रातला किल्ला. मी रात्री त्याला पूर्ण फेरा मारला, खडकाखडकांवरून धावत, एकही पहारेकरी सावध न करता. स्टेल्थला तेव्हा फाशात ९ मिळवायचे, एकूण आले २६. परत येऊन रुबाबात सांगितलं, बुरूज किती, मशाली किती, होड्या किती. भाचीने विचारलं, "मावशी, दरवाजा कुठे आहे?"

मी बघितलाच नव्हता. म्हणजे शोधला, दिसला नाही, आणि पुढे धावले. दादाने तो किल्ला कशावरून घेतला होता हे तोपर्यंत टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं होतं, मी सोडून. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग आमच्या जेट्टीवरून रोज दिसतो, आणि त्याचा महादरवाजा बुरुजांच्या आड असा वळवलेला की जवळ जाईपर्यंत कळत नाही. पाहुण्यांना होडीतून नेताना हेच मी दर वेळी कौतुकाने सांगते! दुसऱ्या रात्री निम्म्या चालीने, तटाला चिकटून गेले, तेव्हा सापडला. तोवर पहारा दुप्पट झाला होता. वाटेत पोहायची वेळ आली तर स्ट्रेंथ ८मुळे लाटेत दोनदा खडकावर आपटले ते वेगळंच. ॲथलेटिक्स शिकायला हवं होतं, रोगला ते निवडता येतं. मी त्याऐवजी ॲक्रोबॅटिक्स घेतलं होतं, दिसायला झकास म्हणून.

करिष्मा १० ठेवल्याचंही आता खटकतं. बहिर्जी नाईकांचं नाव आपण घेतो ते वेषांतरासाठी, धावण्यासाठी नाही. टिटवीला लपता येतं, पण कोळणीचं सोंग घेऊन बाजारात उभं राहता येत नाही. पुन्हा बनवली तर इंटेलिजन्सचा १२ तिकडे वळवीन.

नुसता वेगच हवा असेल तर रोगच्या नादी लागू नका. मंक या क्लासच्या वुड एल्फला दुसऱ्या लेव्हललाच ४५ मिळतात, कुठलंही फीट न घेता. तबॅक्सी, हा मांजरासारख्यांचा वंश, मधूनमधून चाल दुप्पट करतो. रोग स्काउट घ्यायचा तो सहाव्या लेव्हलपर्यंत धीर असेल तर, जेव्हा चार कौशल्यांत दुप्पट प्रावीण्य होतं आणि शिवाय जंगलाची दोन स्काउटची म्हणून आयती मिळतात. सातव्याला आगीच्या गोळ्यातूनही अंग न भाजता निसटता येतं. नवव्याला आणखी १० फूट आहेत. पडवीत ते कसे मोजायचे हा दादाचा प्रश्न.

आठव्या लेव्हलची निवड या आठवड्यात करायची होती. सगळे म्हणाले, डेक्स्टेरिटी १७ची १९ कर. मी ॲथलीट हे फीट घेतलंय. डेक्स्टेरिटी १८ होतेच, चढायला जादा चाल लागत नाही, आणि आडवं पडलं तर उठायला निम्म्या चालीऐवजी फक्त पाच फूट खर्च. एक लादी. आंगणेवाडीची जत्रा झाली की पुढची बैठक, आणि दादाने आजच विचारलंय की घरात काळी प्यादी आणखी किती आहेत.