नागपुरात नवे आहात? अजब बंगला की मारबत

बदली होऊन नागपुरात आलात आणि इथली संस्कृती बघायची आहे, तर माणसं दोन वाटा दाखवतात.

पहिली सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयाची. १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय 'अजब बंगला' म्हणूनच रिक्षावाल्याला कळतं. आदिवासी कला, जुनी शिल्पं, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी. शांतपणे, पाटी वाचत बघता येतं. गोंड माणसांचं घर-अंगण दालनात समजून घेतलं की पुढे गडचिरोलीकडे जाताना डोळे वेगळे होतात. पण काचेमागचं कुणी तुमच्याशी बोलत नाही.

दुसरी वाट इतवारी-महालातल्या मारबतीची, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची, तीही वर्षातून एकदाच: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सोबत बडगे, म्हणजे महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाचीही खिल्ली उडवणारे पुतळे. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी उठली की गल्ली हादरते. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना सामील झालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. खरंखोटं विचारलंत तर चार जण चार कथा सांगतील, आणि मजा त्यातच आहे. चप्पल मात्र जुनी घाला, फोन सांभाळा.

माझं मत मारबतीकडे झुकतं. पण लहान मुलं सोबत असतील, तर बाप्पा, आधी अजब बंगलाच.