गोदामाचं फुकट अंदाजपत्रक मला कितीला पडलं

तिघांकडून दर मागवले होते. त्यातला एकच ठेकेदार जागा बघायला आला, आणि येताना पहार घेऊन आला. बरोबरच्या मजुराला त्याने चार-पाच ठिकाणी पहार मारायला लावली, खाली खण् असा आवाज आला की मान हलवली, वहीत काहीतरी खरडलं. बाकीचे दोघे नकाशावर नजर टाकून दर सांगून मोकळे झाले होते. मला वाटलं, माणूस कामाचा दिसतोय. होताच तो कामाचा, फक्त माझ्या कामाचा नव्हता.

माझा व्यवसाय माल साठवण्याचा आणि पाठवण्याचा. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हवं होतं ३० बाय ६० मीटरचं गोदाम, म्हणजे १८०० चौरस मीटर, फुटांत साधारण १९,३७५. लोखंडी सांगाडा, वर रंगीत पत्रा, कडेला ९ मीटर उंची, आत पाच मजली रॅक आणि एका बाजूला ट्रक लावायला डॉक.

पहारवाला म्हणाला, “साहेब, परिमाणपत्रक आम्हीच करून देतो. त्याचे पैसे नकोत.” खोदाई किती, काँक्रीट किती, लोखंड किती, भराव किती, असा आठ पानांचा छान टाइप केलेला तक्ता दोन दिवसांत हातात आला. मी काय करावं? त्याच तक्त्याच्या झेरॉक्स काढून बाकीच्या दोघांना दिल्या आणि म्हटलं, यात दर भरा. माझ्या दृष्टीने ही मोठी हुशारी होती, कारण तिघांची तुलना अगदी समान पायावर होणार होती. तो पाया कुणी घातला होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

बेरजा आल्या. पहारवाल्याची १०० धरली, तर दुसऱ्याची १०८ आणि तिसऱ्याची ११३. काम अर्थातच त्याला दिलं. शेवटचं बिल १४१ वर थांबलं.

दर त्याने शेवटपर्यंत एका पैशाने वाढवला नाही. भांडायला जागाच नाही! सगळी गंमत परिमाणांत होती. करारात एक ओळ होती, जी बहुतेक सगळ्या करारांत असते: परिमाणे अंदाजे आहेत, बिल प्रत्यक्ष मापाप्रमाणे. ओळ रास्तच आहे, जमिनीच्या पोटात काय आहे ते आधी कुणाला ठाऊक असतं? पण त्याला ठाऊक होतं. पहार त्याने उगाच मारली नव्हती.

आता भराव बघा. त्याच्या तक्त्यात जोत्याची उंची ०.४५ मीटर धरली होती, म्हणून भराव ८१० घनमीटर. नकाशात मात्र फरशी आवारापेक्षा १.२ मीटर वर दाखवली होती, कारण ट्रकचा हौदा साधारण तेवढ्या उंचीवर असतो आणि माल सरळ आत ढकलता यावा लागतो. १८०० गुणिले १.२ म्हणजे २१६०. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम. मी केलं नाही, आणि दर भरणाऱ्या बाकीच्या दोघांनीही केलं नाही, कारण तक्ता ‘मालकाकडून’ आला होता. पहारवाल्याचा भरावाचा दर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता. पण ८१० च्याच हिशेबाने मांडल्यामुळे तो एकूण बेरजेत टोचत नव्हता. उलट ज्या गोष्टी वाढणारच नव्हत्या, दारं, शटर, रंग, त्यांचे दर त्याने इतके खाली ठेवले होते की बघूनच जीव हरखावा.

बरं, बिल २१६० चं तरी यावं! ते आलं २८०० च्या वर. मोजणी डंपरच्या खेपांवर झाली होती. हौद्यातला माल सैल असतो. रोलर फिरवून दाबला की जवळजवळ पाव भाग आकसतो. मोजायचं ते दाबल्यानंतरचं, आधी आणि नंतर जमिनीची लेव्हल घेऊन. इथे वॉचमनच्या टेबलावर एका तारेत खेपांच्या पावत्या टोचलेल्या असायच्या, सगळ्यांवर त्याचीच सही. तो बिचारा येणारे डंपर मोजत होता. हौदा काठोकाठ भरलाय की अर्धा, हे बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

खडकाचंही तसंच. तक्त्यात कठीण खडक फोडणे १० घनमीटर, बिलात ९६. त्यावर कडी म्हणजे पायाच्या खड्ड्यांतून निघालेला तोच फोडलेला दगड जोत्यात टाकला गेला आणि ‘बाहेरून आणलेला भराव’ म्हणून त्याचं दुसऱ्यांदा बिल लागलं. हे मला फार उशिरा कळलं, तेही मुकादम काम सोडून गेल्यावर सहज बोलता बोलता बोलून गेला म्हणून.

पत्र्याच्या बाबतीत चूक निव्वळ माझी. ०.५ मिलिमीटर लिहिलं होतं आणि पत्रा ०.५ चाच आला. पण ती एकूण जाडी, जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा आणि रंग धरून. आतलं पोलाद ०.४२ च्या आसपास. दुसऱ्या ठेकेदाराने नुसत्या पोलादाची जाडी ०.५ धरून दर दिला होता, म्हणून तो महाग वाटला. कुठली जाडी, हे विचारायला हवं होतं.

फरशीत मात्र सरळ चोरी होती. करारात १५० मिलिमीटर काँक्रीट. ओतायच्या दिवशी मी स्वतः उभा होतो, टेप घेऊन. कडेच्या फळ्यांची उंची मोजली, पुरी १५०. समाधानाने चहा प्यायला गेलो. मधल्या भागात खालचा थरच वर चढवून ठेवलेला आहे, हे कडेला उभं राहून दिसणार कसं? दोन कडांवर सुतळी ताणून मधे टेप सोडला असता तर दिसलं असतं.

उघडकीला आलं ते रॅक बसवणारी माणसं आली तेव्हा. रॅक फरशीला जखडणाऱ्या अँकर बोल्टसाठी १२५ मिलिमीटर खोल भोक पाडायचं होतं. पहिल्याच भोकात ड्रिल ११० वर एकदम सुटलं आणि आत गेलं. कारागिराने बिट बाहेर काढलं, टोकाला ओली माती लागलेली. त्याने ती अंगठ्याने पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. आणखी पाच ठिकाणी पाडून पाहिलं, १०५ ते १२० च्या पलीकडे काँक्रीट कुठेच नाही. सरासरी ४० मिलिमीटर कमी धरा, १८०० चौरस मीटरवर ७२ घनमीटर काँक्रीट गायब. एकूण हवं होतं २७०.

ठेकेदार फोनवर म्हणाला, “ड्रिल तिरकं गेलं असेल, साहेब.”

वकिलाकडे गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला, काम चालू असताना आलेल्या प्रत्येक बिलाच्या मापांखाली सही कुणाची? माझी. पैसे किती द्यायचे राहिलेत? जवळजवळ काहीच नाही. कारण टप्पे असे पाडले होते की पाया, भराव आणि सांगाड्याचं लोखंड जागेवर पडलं की बहुतेक रक्कम मोकळी. फरशी ओतली तेव्हा त्याचं देणं इतकं थोडं उरलं होतं की ते सोडून जाणंही त्याला परवडलं असतं. तो गेलाच.

नंतर एका परिमाण-मोजणीदाराला फी देऊन सगळं नव्याने काढून घेतलं. ज्याचा कुठल्याच ठेक्याशी संबंध नाही असा माणूस मुद्दाम शोधला. नकाशावरून त्याने स्वतःची परिमाणं काढली आणि तिघांचे जुने दर त्यांना लावले. पहारवाला पहिल्यावरून थेट तिसऱ्या नंबरवर. हे दर उघडायच्या आधी करायचं काम आहे, आणि त्याची फी माझ्या जादा बिलापुढे काहीच नव्हती. त्यानेच दाखवलं की आवारातला ट्रक वळवायचा रस्ता, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि आगीसाठी पाण्याची टाकी त्या आठ पानांत कुठेच नव्हती. ते १४१ च्या वरचं.

रॅकवाल्यांनी पाच मजल्यांची हमी द्यायला नकार दिला. इतक्या पातळ फरशीवर एकेका खांबाचा भार टेकवायला ते तयार नव्हते. तीन मजल्यांवर तडजोड झाली. ९ मीटर उंचीच्या गोदामात वरचे जवळजवळ चार मीटर आता रिकामे आहेत. तिथे कबुतरं राहतात.