जेलो : बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी मराठी चित्रसंवाद अ‍ॅप

ज्या मुलांना ऐकू येते, समजते, पण तोंडाने शब्द काढता येत नाहीत, अशा मुलांसाठी ‘जेलो’ हे अ‍ॅप मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झाले आहे. ते विनामूल्य आहे, मराठीत आहे आणि साध्या अँड्रॉइड टॅबवर चालते. आमची पाच वर्षांची मुलगी ते रोज वापरते. तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा न राहणे) आहे; घरातले सगळे बोलणे तिला कळते, परंतु ओठ, जीभ आणि घसा यांच्या स्नायूंवर ताबा नसल्यामुळे तिचे उच्चार घराबाहेरच्या कोणाला उमगत नाहीत. आम्ही मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावात राहतो. वाचा उपचारतज्ज्ञ येथून लांब आहेत, त्यामुळे दोन भेटींच्या मधल्या काळात घरी काय करायचे हा प्रश्न आमच्यासारख्या पालकांपुढे कायम असतो.

अ‍ॅप उघडल्यावर मधोमध नऊ चित्रे दिसतात : भेटीगाठी आणि भावना, रोजची कामे, खाणे, मौज, शिकणे, माणसे, ठिकाणे, वेळ आणि हवामान, मदत. चित्राला बोट लावले की त्याच्या आतली चित्रे उघडतात. दोन्ही कडांना आवडते, हो, आणखी आणि त्यांच्या उलट नावडते, नाही, कमी अशा अर्थाची सहा बटणे कायम असतात. मुलाने आधी वस्तूचे चित्र निवडायचे आणि मग कडेचे बटण दाबायचे, म्हणजे टॅब पूर्ण वाक्य बोलतो. तेच बटण पुन्हा दाबल्यास भावना अधिक ठाम होते. ज्या मुलाला जेमतेम दोन वेळा नेमके बोट टेकवता येते, त्याच्या तोंडी पूर्ण वाक्य देणारी ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे.

माझ्या मते या सहा बटणांतील सर्वांत मोलाचे बटण ‘नाही’चे आहे. आपल्याकडे न बोलणाऱ्या मुलांना चित्रांचे कार्ड दाखवून वस्तू मागायला शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण ज्याला केवळ मागता येते आणि नाकारता येत नाही, त्याच्यासाठी सगळे निर्णय दुसरेच घेत राहतात. आमच्या मुलीला कोणीही उचलून घेई, कोणीही घास भरवी आणि तिने मान फिरवली की तो हट्ट समजला जाई. रात्री पेज भरवताना तिने खाण्याचे चित्र आणि ‘नाही’ दाबले, टॅबने ते मोठ्याने सांगितले आणि तिच्या आजीने वाटी बाजूला ठेवली, तेव्हा आपल्या शब्दाने घरातले मोठे माणूस थांबते हे तिला कळले. त्यानंतर ती टॅबकडे स्वतःहून हात नेऊ लागली.

अ‍ॅप उतरवून घेण्याइतकेच महत्त्व मूल बसते कसे याला आहे, आणि हा भाग पालकांना क्वचितच कोणी समजावून सांगतो. सेरेब्रल पाल्सीमध्ये कंबर आणि पावले स्थिर नसतील, तर मुलाची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते आणि बोट नेमके टेकत नाही. आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या हालचाली आणि कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) दिलेल्या मापांनुसार गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाची खुर्ची करून घेतली. तिला पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि पुढे कड असलेला पाट आहे. टॅब उतरत्या स्टँडवर तिच्या छातीच्या उंचीला ठेवतो. तिचे बोट सरकून शेजारच्या चित्राला लागत असे, म्हणून दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारागिराकडून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी चित्रांच्या चौकटींप्रमाणे भोके पाडून कापून घेतली. आता ती हात पट्टीवर टेकवून भोकातून चित्राला स्पर्श करते. परदेशातून अशी पट्टी मागवण्याची काहीही गरज नाही. नऊ चित्रे एकदम झेपत नसतील, तर सेटिंगमध्ये एका पडद्यावर तीनच चित्रे ठेवण्याची सोय आहे, आणि लहान मुलाची सुरुवात तिथूनच करावी असे मी सुचवेन.

कडेला ठेवलेल्या सहा बटणांपर्यंत ज्यांचा हात पोहोचत नाही, त्यांच्यासाठी अँड्रॉइडमधील स्विच अ‍ॅक्सेस उपयोगी पडतो. पडद्यावरची चित्रे एकेक करून उजळत जातात आणि हवे ते चित्र उजळले की मूल टॅबला जोडलेले एकच मोठे बटण दाबते. ते बटण हाताने, गुडघ्याने किंवा डोक्याने दाबता येते. याची जुळणी मात्र जाणकाराच्या मदतीने करावी.

घरच्या गोष्टींचे फोटो घालून स्वतःचे फलक तयार करण्याची सोय जेलोमध्ये आहे. आमच्या फलकावर आजी, काका, घावणे, बांगडा, सोलकढी, समुद्राकडची वाट आणि गोठ्यातली गाय आहे. या फलकावर तिची नजर सर्वांत जास्त वेळ रेंगाळते, कारण तिचे जग त्यात ओळखीच्या चेहऱ्यांनिशी आहे.

टॅब दिल्याने मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल ही भीती नातेवाइकांनी आम्हाला वारंवार घातली. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये २३ अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यातील भक्कम पुराव्याच्या २७ मुलामाणसांपैकी कोणाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते, उलट ८९ टक्क्यांमध्ये थोडीफार वाढच दिसली होती. वाढ बेताची होती हेही येथे सांगितले पाहिजे. टॅबमुळे वाचा येते असे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर विसंबू नये. आमची मुलगी टॅब बोलत असताना त्याच्याबरोबर स्वतःचा आवाज काढते आणि त्यातले दोन-तीन उच्चार आता अंगणवाडीच्या ताईंनाही ओळखू येतात.

हे साधन घरातल्या मोठ्यांनीही वापरले तरच मूल ते शिकते, हे मला अत्यंत आग्रहाने सांगायचे आहे. मूल स्वतः बोलण्यापूर्वी वर्षभर आपले बोलणे ऐकत असते. चित्रांच्या भाषेसाठीही त्याला तेवढाच अवकाश द्यावा लागतो. जेवायला बसताना मी स्वतः खाण्याचे चित्र दाबते, तिचे बाबा अंघोळीचे चित्र दाबून तिला न्यायला येतात, आजीही चष्मा लावून बटण शोधते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजून थांबावे, कारण तिच्या बोटाला तेवढा वेळ लागतो. गणपतीत मुंबईहून घर भरते, तेव्हा येणारा प्रत्येक जण ‘बाय, गाय कुठे आहे दाखव बघू’ म्हणून तिची परीक्षा घेऊ लागतो. आम्ही ते नम्रपणे थांबवतो आणि पाहुण्यांना आधी स्वतःबद्दल काहीतरी टॅबवर सांगायला लावतो. मग ती आपणहून उत्तर देते.

उणिवा बहुतांशी टॅब या वस्तूच्या आहेत. ओल्या किंवा घामेजल्या बोटांचा स्पर्श पडदा नीट ओळखत नाही आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा दमट असते, म्हणून सुती रुमाल खुर्चीलाच बांधून ठेवावा. भाषा एकदा उतरवून घेतल्यावर नेटवर्क नसले तरी काम भागते, पण वादळी पावसात वीज गेली आणि चार्जिंग संपले तर मूल मुके होते. त्यासाठी तीच नऊ चित्रे आणि सहा बटणे छापून, लॅमिनेट करून भिंतीवर व दप्तरात ठेवावीत. टॅबवर कार्टून मुळीच ठेवू नये, आणि अँड्रॉइडमधील पडदा पिन करण्याची सोय वापरावी, म्हणजे मूल चुकून अ‍ॅपबाहेर जात नाही. वय वाढल्यावर शब्द जोडून स्वतःची वाक्ये रचायची इच्छा झाली की तयार वाक्यांची ही पद्धत अपुरी पडू शकते. तेव्हा चेन्नईत विकसित झालेले ‘आवाज’ हे सशुल्क अ‍ॅप पाहता येईल. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या सुरुवातीसाठी मात्र मी जेलोच निवडेन.

सुरू करण्यापूर्वी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. त्यांच्याकडे नाव नोंदवून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या वाढीतील अडचणींवर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राची) चिठ्ठी मागावी. तिथल्या थेरपिस्टना टॅब सोबत नेऊन दाखवावा आणि पहिली तीन चित्रे त्यांच्या सल्ल्याने ठरवावीत.